पडती काच

९ मार्च

दादा,

दुसरी काठी आईच्या डोक्यावर येत होती. तिच्या शेजारी, तुझ्या जागी, मी बसले असते तर मी काय केलं असतं? बारा दिवस मी स्वतःला हेच विचारतेय आणि मला उत्तर देता येत नाही. जिने दोनशे माणसांना शिकवलं तिला तरी ते यायला हवं होतं. येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

तुरुंगाच्या खिडकीवर म्हणाले, आठवड्याला एक पत्र, कागद एकच, दोन्ही बाजूंनी लिहिलं तरी चालेल, आम्ही आधी वाचणार. तेव्हा वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, तुमचा गोंधळ व्हायला नको म्हणून सांगते. ज्याला हे पत्र द्यायचं तो माझा थोरला भाऊ, खिडक्यांना काचा बसवणारा कारागीर. मी त्याची धाकटी बहीण, आमच्या घरातली पहिली पदवीधर. तो मला पंडितीणबाई म्हणतो, किंवा म्हणायचा. आमची आई इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर असते. पुलाच्या अलीकडच्या वस्तीतल्यांनी पलीकडे कामाला जाताना हातावर जांभळा शिक्का मारून घ्यायचा असा हुकूम आहे, आणि आम्ही तो घेत नाही. नाक्यावर जाऊन खाली बसतो, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. हात पुढे करायचा नाही आणि हात उचलायचाही नाही, एवढेच आमचे दोन नियम. माझ्या भावाने सव्वीस दिवस दोन्ही पाळले. सत्ताविसाव्या दिवशी त्याने दुसरा मोडला.

आईचा उजवा खांदा आणि कोपर, दोन्हीकडे मोडलंय. डोकं शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, "ती दुसरी बसली असती तर..." आणि त्यांनी कागद उलटला. हे तुला लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

घड्याळकाका गेले. तुला आत कोणी सांगितलं का, ठाऊक नाही. तू काठी हिसकावून त्या शिपायाला एक मारलीस, तोवर ते हुकुमाने मारत होते. त्यानंतर रागाने मारायला लागले. काका ओळीच्या टोकाला होते. त्यांनी मांडीखालचे हात शेवटपर्यंत काढले नाहीत. आम्ही उचललं तेव्हाही त्यांचे तळवे काहीतरी दाबून धरल्यासारखे वाकडे होते.

समितीचं निवेदन तू वाचलं असशील. "नाक्यावर हात उचलणारा इसम समितीचा स्वयंसेवक नव्हता. त्याचा आमच्याशी संबंध नाही." खाली समितीचे प्रमुख म्हणून मास्तरांची सही आहे, पण मजकूर माझा आहे. "इसम" हा शब्दही माझाच.

रागावू नकोस असं म्हणत नाही. पण विचार कर. एवढी माणसं रोज उठून मार खायला येतात ती एकाच भरवशावर, की आपल्यातला कोणी हात उचलणार नाही. तो भरवसा गेला तर उद्या काठ्यांऐवजी बंदुका येतील आणि लोक म्हणतील, बरोबरच आहे. मास्तर म्हणाले, "तो समजून घेईल." मी मान हलवली.

आईला तुझ्याशेजारी बसवलं ते तिचा गुडघा दुखत होता म्हणून. उठताना आधार लागला असता.

तुझी,
धाकटी


१८ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. भेटीच्या दिवशी मी दीड तास ओळीत उभी होते. आतून निरोप आला, कैदी भेटायला तयार नाही. शेजारच्या बाईचा नवरा तयार होता. तिने जाता जाता माझा दंड थोपटला. मला ते फार लागलं.

आज तुला धुलाईघरातलं सांगते.

तुला आठवतं ना, हे सगळं सुरू कुठून झालं? शिक्का संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे, पुसला तर परतताना नाक्यावर अडकवून ठेवतात. आणि धुलाईघरातल्या बायकांचा हात दिवसभर सोड्याच्या पाण्यात, इस्त्रीवालीचाही ओल्या कपड्यांत. अकरा वाजता शिक्का जातो. रोज संध्याकाळी बावीस बायका नाक्यावर उभ्या, कोरे हात घेऊन. आईने पाचव्या दिवशी त्या शिपायाला विचारलं होतं, "बाबा रे, तुला चादरी स्वच्छ हव्यात की माझा हात घाणेरडा हवा? दोन्ही नाही जमायचं." तो हसला होता, आणि तरीही त्याने तिला अंधार पडेस्तोवर सोडलं नव्हतं. ही गोष्ट आईने घरी सांगितली, मी वाचनालयात जाऊन पुस्तकं काढली, आणि तू म्हणालास, "पुस्तकातल्या माराचे वळ उठत नाहीत, पंडितीणबाई." तरी पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आलास तो तूच.

असो. इस्पितळात प्रत्येक खोलीच्या चादरीला कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा असतो. बायकांच्या खोलीला लाल, मुलांच्या पिवळा, वरच्या मजल्यावर शिपायांची खोली आहे तिला निळा. परवा धुलाईघरात निळ्या दोऱ्याच्या चादरींचा ढीग पडला होता, तीन दिवसांचा. बायकांनी धुवायचं नाकारलं होतं. आईला लाल दोऱ्याच्या खोलीतून सोडलं, आणि घरी जायच्या आधी ती खाली डोकावली. हात गळ्यात बांधलेला, तोंड उतरलेलं.

"हा ढीग कशाचा गं?"

"निळ्याचा. आम्ही हात लावणार नाही. असहकार."

"कोणी ठरवलं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीच ठरवलं होतं. फळ्यावर लिहून समजावलंही होतं.

आई म्हणाली, "शिक्का नाकारायचा तर नाक्यावर नाकारा. अंथरुणात पडलेल्या माणसाची चादर नाकारून कोणाला शिकवताय? चादर सरकारची असेल, पाठ त्याचीच आहे ना?"

"आई, त्याच माणसाने तुझा हात मोडलाय."

"म्हणून तर मला ठाऊक आहे, दुखतं किती."

मग तिने डाव्या हाताने ढिगातली पहिली चादर ओढली. तिला एका हाताने ती पाण्यात बुडवता येईना. दोन मिनिटं कोणी हललं नाही. नंतर सगळ्या आल्या.

धुतलेल्या चादरी वर पोहोचवायला मी गेले. मुद्दाम गेले. तू ज्याला मारलंस तो शिपाई तेवीस वर्षांचा आहे. डावा डोळा गेला. बाहेर बाकावर त्याची थोरली बहीण बसली होती, स्वेटर उसवत. विणत नव्हती, उसवत होती. मला म्हणाली, "ताई, तुम्ही कोणाच्या?" मी म्हणाले, "खाली धुलाईघरात माझी आई असते." ती म्हणाली, "चादरी फार छान धुतात हो तुमच्याकडे."

मी तिला खरं सांगितलं नाही. खोटंही बोलले नाही. हल्ली मला हे चांगलं जमायला लागलंय.

धाकटी


२९ मार्च

दादा,

आज वकीलबाई येऊन गेल्या. त्यांच्याकडून तुझा निरोप मिळाला. त्यांनी तो वहीत लिहून आणला होता आणि चष्मा लावून, सूर न लावता, वाचून दाखवला. "पंडितीणबाईला सांगा, निवेदन काढलंत ते बरं केलंत. मी कोर्टात सांगणार की मी समितीचा नव्हतो, त्या दिवशी सहज तिथून चाललो होतो, आईला बघून थांबलो. तो फटका मी रागाने मारला, हेही सांगणार. भेटायला येऊ नकोस. कोणी बघितलं तर समितीला त्रास."

म्हणजे तू माझ्यावर रुसून भेट नाकारत नव्हतास. हे कळलं तेव्हा मला वाटलं, रुसला असतास तर बरं झालं असतं.

वकीलबाईंनी स्वच्छ सांगितलं. असं बोललास तर दहा वर्षं. वाटेवरचा माणूस शिपायावर चालून गेला, असाच त्याचा अर्थ होतो. पण हाच माणूस सव्वीस दिवस तिथे बसला होता, तीनदा मार खाऊन गप्प राहिला होता, आणि आईचं डोकं फुटायच्या क्षणी त्याचा हात सुटला, हे दाखवता आलं तर तीन. फार तर चार.

"तुमची हजेरीची वही असते ना? बसणाऱ्यांची पहिल्या दिवशी सही घेता आणि पुढे रोज सहीसमोर खूण करता म्हणे."

"त्यात त्याचं नाव नाही."

"नव्हतं?"

"नाही," मी म्हणाले, आणि उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले. त्यांच्यापुढे पाणी होतं.

त्या गेल्यावर आई कोपऱ्यातून म्हणाली, "वहीत तर आम्ही दोघांनी सही केली होती. त्याने माझ्या शेजारी केली. मला 'आ' काढायला वेळ लागला म्हणून हसलाही होता."

मी वकीलबाईंचा पेला उचलायला लागले.

"पान कुठाय?"

"फाडलं."

"कधी?"

"त्याच दिवशी. तुला इस्पितळात नेलं, त्यानंतर. मास्तरांनी सांगितलं नव्हतं. निवेदन लिहिताना माझ्या लक्षात आलं, वही जप्त झाली तर..."

आईने आपल्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या पानावर मी पण होते ना? म्हणजे मी पण तिथे नव्हते म्हण की. मग हा हात कुठे मोडला माझा? जिन्यावरून पडले?"

दादा, तुला आठवत असेल, साक्षरतेच्या वर्गात मीच तिला नाव लिहायला शिकवलं. आयुष्यात तिने केलेल्या चाळीसेक सह्यांमधली सगळ्यात ठळक ती होती, पेन कागदात रुतवून केलेली. तुला पुसायला गेले आणि तिलाही पुसलं. त्या पानावर घड्याळकाकांचीही सही आहे. ती मागच्या बाजूला, सगळ्यांत शेवटी. त्यांना कधीच कसली घाई नसायची.

पान जाळलं नाही. जाळायचं म्हणून काडी हातात घेतली होती. माझ्या पदवीच्या भेंडोळ्यात गुंडाळून ठेवलंय. ज्या कागदासाठी तू आठवीतून शाळा सोडून काचा उचलायला लागलास, त्याच्या आत.

हे सगळं साहेब वाचतीलच. वाचू देत. आता मला त्यांची भीती वाटत नाही, तुझी वाटते.

धाकटी


१० एप्रिल

दादा,

गेल्या आठवड्याचं पत्र मी टाकलं नाही. लिहिलं होतं, पण त्यात मी पुन्हा शहाणपणा शिकवला होता.

पहिल्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले. आईचा गुडघा दुखत होता हे खरं. पण तिला तुझ्याशेजारी बसवलं ते त्यासाठी नाही. मास्तरांचा नियम होता, एका घरातली माणसं एका ओळीत बसवायची नाहीत. का, ते त्यांनी कधी फोड करून सांगितलं नाही, त्यांना सांगायची गरज वाटली नसेल. बसायचा नकाशा मी काढायचे. त्या दिवशी बाहेरगावचा छायाचित्रकार येणार होता. मला वाटलं, म्हातारी धुलाईवाली आणि शेजारी तिचा तरणाताठा मुलगा, दोघांचे हात मांडीखाली. हे चित्र छापून आलं तर जगभर कळेल आम्ही कोण आहोत. पहिल्या ओळीत, मधोमध. मी नकाशावर तुमच्या दोघांच्या नावाभोवती गोल केला होता.

छायाचित्र आलंही. तू काठी उगारली आहेस ते.

आणखी एक. आपण जुन्या रंगाच्या गोदामात तालमी करायचो, तेव्हा शिपाई व्हायला तुझ्यासारखा कोणी नव्हता. वर्तमानपत्राची सुरळी घेऊन फिरायचास. "काय काका, बसलात? खुर्ची आणू? पंखा लावू?" आणि घड्याळकाका म्हणायचे, "डोक्यावर खुशाल मार रे, ते कधीच बंद पडलंय." सगळे हसायचे. मी ओरडायचे, नाक्यावर कोणी हसवणार नाही तुम्हाला! मग मी विचारायचे, शिवी आली तर? सगळे म्हणायचे, हात खाली. मार आला तर? हात खाली. एका संध्याकाळी तू सुरळी खांद्यावर टाकून मला विचारलंस, "आणि शेजारच्यावर आला तर, पंडितीणबाई?"

मी म्हणाले, "तोच नियम." आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. तालीम घेतली नाही. एकदाही नाही. स्वतःवर येणारा मार सोसायला मी माणसांना शिकवलं. बाजूच्याचा बघत बसायला कसं शिकवायचं ते मला येत नव्हतं, आणि येत नाही हे कबूल करायची लाज वाटली.

मला तुझं काम आठवतं. मी लहान असताना तुझ्या मागे मागे यायचे. एकदा तुझ्या हातातून भलामोठा तावदानाचा तुकडा निसटला आणि तू पटकन दोन्ही हात मागे घेतलेस. काच फरशीवर फुटली. मी रडायला लागले, तू का नाही धरलीस म्हणून. तू म्हणालास, "पडती काच धरायची नसते. नव्या माणसाची बोटं इथेच जातात. हात आपोआप पुढे जातो, तो मागे घ्यायला मला दोन वर्षं लागली." बारा वर्षं तू पडती काच धरली नाहीस. तुझ्याइतका हात ताब्यात असलेला माणूस त्या ओळीत दुसरा नव्हता. तो हात सुटला, तर चूक हाताची होती असं मी कशाच्या जोरावर म्हणू?

पण हेही सांगते, कारण आता अर्धं काही सांगायचं नाही. काठी धरलीस तिथवर मी तुझ्याबरोबर आहे. धरून ठेवता आली असती. फेकून देता आली असती. नंतरच्या त्या एका फटक्याबरोबर मी नाही, आजही नाही. त्या मुलाचा डोळा गेला, काका गेले. पण तुझ्याबरोबर आहे. हे दोन्ही एका वेळी कसं असतं, ते मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

सोमवारी मास्तरांकडे गेले. भूगोलाचे निवृत्त मास्तर ते, अजूनही बोलताना हातात पट्टी असते. मी म्हणाले, पान माझ्याकडे आहे.

"मला वाटलं जाळलंस."

"मलाही वाटलं होतं, जाळेन."

"ते कोर्टात गेलं तर समितीवर बंदी येईल. आणि तालीम देणं हा गुन्हा आहे. दोन वर्षं. तुला."

"मास्तर, आपलं सगळं उघड्यावर असतं म्हणून आपल्याला भीती नसते, असं तुम्हीच सांगायचात ना?"

"मी बरंच काय काय बोलून ठेवलंय," ते म्हणाले. पट्टी टेबलाच्या कडेला लावून बराच वेळ सरळ करत राहिले. "तू दे असं मी म्हणणार नाही. मला दोनशे माणसांचं बघायचंय. देऊ नको असंही म्हणत नाही. पण आधी काकांच्या घरी जा. काकूंच्या तोंडावर सांग, मग काय ते कर."

गेले. काकू दुकानात बसल्या होत्या. गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली घड्याळं कोणी न्यायला आलेलं नाही, त्यांना संकोच वाटत असेल. काकू रोज सगळ्यांना किल्ली देतात. मी सांगितलं, पान आहे, ते दिलं तर भावाची वर्षं कमी होतील आणि समिती बुडेल. ज्या समितीसाठी काका गेले, ती.

काकूंनी हातातल्या घड्याळाची किल्ली पुरती फिरवून घेतली. मग म्हणाल्या, "तुझ्या भावाने हात उचलला नसता तर हे असते का, ते मला विचारू नकोस."

"नाही विचारत."

"मी रोज विचारते. आणि तुझी आई दुकानावरून गेली की वाटतं, ही आहे. वाईट वाटतं की बरं वाटतं, ते मला नाही कळत." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या पानावर ह्यांची सही आहे?"

"शेवटची."

"मग ते पान आत गुंडाळून का ठेवलंस? जे तिथे बसले होते ते सगळे बसले होते. कोणालाच काढू नका गं."

मी घरी येऊन भेंडोळं उघडलं. पान आणि पदवी एकमेकांत इतकी वळली आहेत की सरळ होत नाहीत. वरती आईची इस्त्री ठेवलीय, थंड.

धाकटी


१७ एप्रिल, दुपार

दादा,

हे पत्र साहेबांच्या हाताने जाणार नाही. वकीलबाई उद्या सकाळी सुनावणीच्या आधी तुला भेटतील तेव्हा देतील. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय. कागद कारकुनाने दिला. भला माणूस आहे, वर म्हणाला, "पेन परत करा हं, मागच्या वेळी एक जण घेऊन गेला थेट तुरुंगात."

आई शेजारी बसली आहे. धुलाईघरातून परवानगी घेऊन आली. डाव्या हाताने इस्त्री करायला शिकतेय. बाह्यांना चुण्या पडतात, आणि मुकादम काही बोलला की म्हणते, "उजवा सरकारजमा आहे, तिकडे तक्रार कर." उद्यापासून ती पुन्हा नाक्यावर बसणार आहे. समिती असो, नसो. मी म्हटलं, आई, हात पूर्ण बरा होऊ दे. तर म्हणाली, "माझं सगळ्यांत सोपं आहे. उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही. मला तालीम नको." आम्ही दोघी हसलो. मग ती भिंतीकडे तोंड करून बसली.

सकाळी मी त्या शिपायाकडेही गेले होते. तो आता घरी आहे. दार त्याच्या बहिणीने उघडलं. या वेळी मी सांगितलं, कोणाची ते. ती म्हणाली, "म्हणजे चादरी..." मी म्हणाले, "हो. त्या माझ्या आईनेच धुवायला लावल्या." तिने दार लावलं. जोरात नाही. मी थोडा वेळ पायरीवर उभी राहिले. आत कोणीतरी विचारलं, "कोण होतं?" उत्तर मला ऐकू आलं नाही.

उद्या तू उभा राहून सांगणार, मी समितीचा नव्हतो, सहज चाललो होतो. सांगू नकोस. आता त्याचा उपयोग नाही.

आज साडेअकराला मी दंडाधिकाऱ्यांच्या दालनात पान दिलं. सोबत माझं लेखी निवेदन, चार पानं. तू सव्वीस दिवस बसलास, तालमी कोणी घेतल्या, शेजारच्यावर मार आला तर काय करायचं हे कोणी शिकवलं नाही, ओळ कोणी आखली, छायाचित्रासाठी आईला तुझ्याशेजारी कोणी बसवलं, आणि "इसम" कोणी लिहिलं. तो फटका मी गाळला नाही. तू मारलास, असंच लिहिलं.

त्यांनी पान उजेडाकडे धरून बघितलं. आईच्या सहीवर त्यांचं बोट जरा थांबलं. मग विचारलं, "हे फाटलं कसं?"

"मी फाडलं."

"का?"

दादा, तिथे मला उत्तर आलं. पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं नाही, ते अजूनही येत नाही. ह्याचं आलं. मी म्हणाले, "आम्ही कधी हात उचलत नाही, हे सिद्ध करायला."

त्यांनी पान खाली ठेवलं. मला अटक केल्याचं त्यांनीच सांगितलं, मान वर न करता. बाहेर मास्तर उभे होते. ते माझ्याशी बोलले नाहीत. मी पुढे गेल्यावर त्यांनी पट्टी काखेत धरली आणि आईला बाकापर्यंत हात दिला.

नंतर कारकुनाच्या खोलीत ठसे घेतले, दहाही बोटांचे. शाई तीच, नाक्यावरच्या शिक्क्याची. तो म्हणाला, "हात पुढे करा." वर्षभर मी माणसांना एवढंच शिकवलं होतं, की असं कोणी म्हणालं तर करायचा नाही. तुरुंगाची गाडी तीनला येईल म्हणतात.

मी हात पुढे केला. नाक्यावर त्यांनी मागितलेला मी दिला नसता. हा माझा मी दिला.

आई म्हणतेय, कोपऱ्यात नळ आहे, धुऊन घे, पत्र खराब होईल. धुतला नाही. कागदाच्या उजव्या कडेला जो डाग दिसेल तो माझ्या अंगठ्याचा आहे.

तुझी,
धाकटी